काचेची पट्टी

"पोरगा चुकला तर घरात बोल, चाँदबी. चारचौघांत त्याला मान खाली घालायला लावू नको." शेवटच्या दुखण्यात पीरमहंमद बायकोला एवढंच सांगून गेला होता. तिनं शब्द दिला होता.

घरात ती आज सकाळीच बोलली होती.

"सद्दाम, काल सांजच्याला काच तडकली होती. आज नवी कशी?"

"गप बस, अम्मा. ईद तोंडावर आली. दुकानात हे टेकू असले तर गिऱ्हाईक कुटनं आत येणार? लोखंडी तुळई हाय, धरंल ती."

आता आर्किटेक्ट वृषाली टॉर्च लावून भिंतीसमोर उभी होती. पौडच्या बाजारातलं हे घर वारसा यादीतलं. तिच्या होकाराशिवाय इथली वीट हलत नव्हती. दुकान मोठं करायला मधला खांब काढून तुळई घातली होती. वरचा मजला अजून टेकूंवरच होता. भिंतीच्या भेगेवर काचेची पट्टी तिनंच चिकटवली होती. भिंत सरकली तर काच फुटणार. काच फुटली तर टेकूंना हात लावायचा नाही.

काच अख्खी होती. कडेच्या ओल्या प्लास्टरवर सद्दामनं धूळ चोळली होती.

"तडा गेला नाही ना?"

"न्हाई, मॅडम."

"चाची, तुम्ही रोज बघता ना?"

दारात गडी होते, शेजारी होते. सद्दामनं डोळ्यांनीच आईला विनवलं.

"चाचीला काय विचारता," कैलास मिस्त्री म्हणाला. "तिची नजर काचेवर कमी, सुनेवर जास्त!"

सगळे हसले. उत्तर राहूनच गेलं.

"ठीक आहे. काढा टेकू," वृषाली म्हणाली आणि टॉर्च घेऊन तुळईखाली वाकली. माणसं तिच्याभोवती जमली.

चाँदबीनं पदर डोक्यावरून घेतला. खुंटीवरची जानमाज, नमाजाची चटई, काढली. सद्दामजवळून जाताना त्याच्या कानाशी थांबली.

"मी कुणाला काय सांगत न्हाई, बाळा. दुपारची नमाज वर पढते."

ती जिना चढली. तुळईच्या बरोब्बर वर, फळ्यांवर तिनं जानमाज अंथरायला घेतली.

खालून कैलासची हाक आली, "सद्दामभाई, सोडू का टेकू?"