दादाच्या नावाची खूण

आईला ऐकू येत नाही. तिची हातांची भाषा कॅमेऱ्यातून वाचायला मी संगणकाला शिकवते. काल प्रयोगशाळेत आई खुणांनी गप्पा मारत होती, पडद्यावर वाक्यं उमटत होती. मध्येच तिने गालावर बोट टेकवून फिरवलं. पडद्यावर आलं, ‘खूण अनोळखी’. “हे काय गं?” सहकाऱ्याने विचारलं. “दादाचं नाव. त्याला खळी पडायची.” सातव्या वर्षी दादा तापाने गेला. त्यानंतर घरात ती खूण कुणीच केली नव्हती. मीसुद्धा नाही. सहकारी हळूच म्हणाला, “एकदा बघून संगणक शिकत नाही. पुन्हा पुन्हा करावी लागेल.” आईने त्याचे ओठ वाचले, बाह्या वर केल्या आणि ती दादाला हाका मारायला लागली. साठाव्या खेपेला त्याचं नाव उमटलं. “बास आई, कळलं संगणकाला,” मी खुणावलं. तिने माझ्याकडे पाहिलंच नाही. हाका मारतच राहिली.