बावीस मिनिटांचा बोगदा

"बोगदा किती लांब आहे म्हणालीस?" त्याने तिसऱ्यांदा विचारलं.

"सात किलोमीटर. गाडी हळू चढते, म्हणून बावीस मिनिटं," थोरली म्हणाली. तिने जेवणाच्या टेबलावर नकाशा पसरला होता आणि तो गुंडाळू नये म्हणून कोपऱ्यांवर वाट्या ठेवल्या होत्या. उन्हाळ्याच्या सुट्टीत परदेशी जायचं, दातेरी रुळांवरून बर्फाच्या डोंगरावर चढणाऱ्या गाडीत बसायचं, हे खूळ वर्षभर घरात चाललं होतं. आता फक्त जागा पक्क्या करायच्या होत्या. ट्रॅव्हलवाल्या बाईंनी त्या बारापर्यंत धरून ठेवल्या होत्या. सव्वाअकरा झाले होते.

"इतक्या उंचावर धाकटीचे कान दुखतील," तो म्हणाला.

"त्यासाठी गोळ्या असतात चघळायला."

"त्यापेक्षा बसने जाऊ. बसमधून जास्त दिसतं."

"बस वर जातच नाही, बाबा. वर फक्त गाडी जाते."

त्याने पाण्याचा पेला उचलला आणि न पिताच खाली ठेवला. तो लिफ्ट मेकॅनिक होता. हल्ली वर्कशॉपमध्ये बसून लिफ्टच्या मोटारी उघडायचा, साफ करून परत बसवायचा. इमारतींवरच्या कामाला जात नसे. बायको भाजी निवडत सगळं ऐकत होती. तिने अजून मान वर केली नव्हती.

"मग असं करा," तो म्हणाला, "तुम्ही तिघी वर जाऊन या. मी खाली स्टेशनवर थांबतो. सामानापाशी कुणीतरी हवंच."

थोरलीने हातातली पेन्सिल टेबलावर आपटली. "सामान ठेवायला कपाटं असतात तिथे. तुम्हाला यायचंच नाहीये, तसं सांगा ना! उगाच फाटे कशाला फोडताय?"

"अगं, बाबांशी बोलतेयस तू," आई म्हणाली. मग नवऱ्याकडे वळली. "आणि तुम्ही पण. सांगून टाका की तिला. किती दिवस झाकणार?"

त्याने नकाशावरच्या बोगद्याच्या रेघेवरून बोट फिरवलं.

"तू पहिलीत होतीस," तो शेवटी म्हणाला. "लिफ्टच्या खड्ड्यात उतरलो होतो. वरून लिफ्ट सरकली नि अडकली. ती आणि भिंत यांच्यामध्ये मी. हातही हलवता येत नव्हता. नऊ तास."

"पण तेव्हा तर तुम्ही बाहेरगावी गेला होतात. कामाला."

"हॉस्पिटलात होतो."

सात वर्षांच्या धाकटीने विचारलं, "अंधार होता?"

"होता."

"खूप?"

"खूप."

बायकोने भाजीचं ताट बाजूला सारलं. "मी बाईंना फोन करते. समुद्राकडचं काहीतरी बघू. समुद्र काय वाईट आहे?"

"थांब," तो उठला.

स्वयंपाकघराला लागून अडगळीची एक खोली होती. खिडकी नसलेली, जेमतेम माणूस उभा राहील एवढी. त्याने आतली बादली, झाडू, इस्त्रीचं टेबल बाहेर काढलं. रिकाम्या खोक्यांची चळत तशीच राहू दिली. एक स्टूल आत नेलं आणि त्यावर बसला. गुडघे दाराला टेकत होते.

"बाहेरून कडी लाव."

"अहो, काहीतरीच काय! नुसतं लोटून घ्या."

"गाडीचं दार मधेच उघडता येत नाही. लाव कडी."

तिने दार ओढलं, कडी घातली, पण हात कडीवरच ठेवला. थोरलीने मोबाइलवर बावीस मिनिटांची वेळ लावली.

पहिली दोन मिनिटं काहीच ऐकू आलं नाही. मग श्वास ऐकू यायला लागला. आधी लांबलांब, मग जिना धावत चढून आल्यासारखा. स्टूल करकरलं. चौथ्या मिनिटाला दारावर आतून तळहात आपटला. एकदाच.

बायकोने कडी अर्धी ओढली.

"नको उघडू!" आतून आवाज आला. तो त्याच्या आवाजासारखा नव्हता. "उघडू नको म्हणतो ना."

"बाबा, बास," थोरली म्हणाली. "मला नाही जायचं. खरंच नाही जायचं."

आतून नुसता श्वास, तुटक, आणि त्यात मधेच एक बारीक आवाज, जो त्या तिघींनी कधी ऐकला नव्हता. बायकोने डोळे मिटून कपाळ दाराला टेकवलं. थोरली मोबाइलकडे बघत होती. सहा मिनिटं झाली होती.

धाकटी दोघींच्या मधून पुढे घुसली. दाराशी उकिडवी बसली आणि तिने बोटाच्या पेराने टकटक केलं.

"तिकीट!" ती जाड आवाजात म्हणाली. "तिकीट दाखवा."

"अगं, गप," आई कुजबुजली.

"तिकीट बघितल्याशिवाय गाडी पुढे जाणार नाही."

आतला श्वास अडला. मग कसलीतरी चाचपडल्याची खुडबुड झाली, पुठ्ठा फाटला, आणि दाराखालच्या फटीतून खोक्याचा एक वेडावाकडा तुकडा बाहेर सरकला. घामाने ओला झालेला. त्यामागून बोटांची टोकं दिसली आणि तिथेच राहिली.

धाकटीने तुकडा उचलला, उलटासुलटा करून पाहिला.

"हे एकाचंच आहे," ती कडक आवाजात म्हणाली. "बाकीच्यांची कुठे आहेत?"

बोटं आत गेली. थोरलीने मोबाइल पालथा ठेवला.

मग आतून पुन्हा पुठ्ठा फाटल्याचा आवाज आला. थोडं थांबून, आणखी एकदा. मग तिसऱ्यांदा.