मधला ठिपका

देवासच्या एका छापखान्यात अवंती प्लेट बनवायच्या मशीनवर होती. मशीनमधल्या चिपवर लाखो बारीक, हलणारे आरसे होते. त्यांच्यावरून अतिनील प्रकाश परावर्तित होऊन प्लेटवर अक्षरं उमटायची. प्रकाश किती वाढवायचा, ती मर्यादा मशीनवरच लिहिलेली होती. दिवाळीआधी काम साचलं तेव्हा मॅनेजर श्रीपाददादा म्हणाले, "थोडा बढवून दे, ताई. प्लेटा लवकर निघतील." अवंती आधी नको म्हणाली, मग तिने बढवला.

महिन्याभरात त्या जास्त प्रकाशाने काही आरसे अडकले. प्रत्येक प्लेटवर एकाच जागी टाचणीच्या टोकाएवढं छापायचं राहू लागलं. "इतकं कोणाला दिसतंय," दादा म्हणाले.

एका दुपारी, बाळांच्या तापाच्या औषधाची पत्रकं रवाना झाल्यावर, उरलेलं एक पत्रक तिने सहज वाचलं. मात्रा ०.५ मिली असायला हवी होती. मधला ठिपका छापलाच नव्हता. कागदावर ०५ मिली होतं.

तिने ते पत्रक दादांना नेऊन दाखवलं. "डब्यातला कागद वाचतं कोण, ताई," ते हळूच म्हणाले.

"बाळ तापलं की आई वाचते," अवंती म्हणाली आणि तिने औषध कंपनीचा नंबर फिरवला.