सत्काराचा टॉवेल

लातूर नवा जिल्हा झाला अन् तिथले साहेब आमच्या खडी क्रशरची धूळ तपासायला आले. मालकानं सकाळपासून मशीन बंद ठेवली, वर गावाच्या पिण्याच्या पाण्याचा टँकर रस्त्यावर शिंपडला. असल्या दुष्काळात! साहेब शाळेपुढं उतरले अन् हसले. "धूळ कुठंय?" गुरुजींनी मला सत्काराला पुढं ढकललं. "टॉवेल-टोपी दे, तोंड उघडू नको." ताटातला नवा टॉवेल मी उचललाच नाही. आई क्रशरवर राबताना तोंडाला बांधते तो दप्तरातून काढला अन् साहेबांपुढं जोरात झटकला. पांढरा लोट उठला. साहेब खोकून खोकून वाकले. "सहा महिने झाले, माझी आई अशीच खोकायलीय, साहेब!" मी ओरडले. "अरे, साहेबांना पाणी आणा!" मालक गडबडला. गुरुजींनी शाळेचा रांजण उघडला, तळ कोरडाठाक. मी म्हणाले, "मालक, आता रस्ता पिळून बघा की!"