चिमाजीला घरी नेताना

चाकण सोडून डावीकडे वळलं आणि मुरमाचा रस्ता लागला, तसा भैरूने सायकलचा वेग कमी केला. चिमाजीला एकटं मागे पडू द्यायचं नव्हतं. त्याला धड घरी पोचवायचं, हेच आज त्याचं काम होतं.

दोघे एकाच गावचे, पिंपरीच्या एका कारखान्यात कामाला आणि चिंचवडला एकाच खोलीत राहायला. सकाळी पाळी सुरू व्हायच्या आत गावचे उद्धवराव चाकणहून दुधाच्या गाडीने आले आणि फाटकावर उभे राहिले. आधी लिंबाखाली ते चिमाजीशी बराच वेळ बोलले. मग भैरूला बाजूला घेऊन हळू आवाजात म्हणाले, "चिमाजीचा बाप गेला रे काल दिवेलागणीला. त्याला मी नुसतं बरं न्हाई येवढंच सांगितलंय. तू संगती जा आन् वाटेत काई बोलू नको. तुमी आल्याबिगर उचलायचं न्हाई असं ठरलंय."

पाहुण्यांना कळवायला उद्धवराव तसेच पुण्याला गेले.

रीतच आहे ही. मरणाची बातमी वाटेत द्यायची नाही. माणूस उंबऱ्यापर्यंत आणायचा, पुढचं तिथं आपोआप कळतं. भैरूलाही ते पटलं होतं. पण चिमाजीचा बाप, दत्तोबांसारखा हसरा म्हातारा, असा जावा, हे काही त्याला पचत नव्हतं. लहानपणी यात्रेत त्यांच्याच खांद्यावर बसून त्याने कुस्त्या पाहिल्या होत्या.

एसटी चाकणपर्यंतच. पुढे डोंगरात जायचं तर पाय नाहीतर सायकल. चांदभाईंच्या दुकानात दोनच सायकली शिल्लक होत्या आणि त्यातल्या एकीचा ब्रेक ढिला होता. भैरूने चांगली सायकल चिमाजीपुढे ढकलली, चिमाजीने ती परत भैरूपुढे ढकलली. बराच वेळ हाच खेळ चालला. शेवटी चिमाजी ढिल्या ब्रेकच्या सायकलवर टांग मारून चालता झाला, तेव्हा भैरूचा नाइलाज झाला.

रस्ता चढत रानात शिरला. दोन्ही अंगांना ऐन आणि हिरडा, खाली करवंदीच्या जाळ्या. ना मोटार, ना बैलगाडी. चाकाखाली खडी करकरत होती, तेवढाच काय तो आवाज. एरवी भैरूने अशा वाटेवर गाणं म्हटलं असतं. आज वारा तोंडावर बरा वाटला, याचीही त्याला लाज वाटली.

ओढ्यापाशी दोघे थांबले. भैरूने फडक्यातली भाकरी सोडली. घरी गेल्यावर आज चूल पेटणार नाही, पोराच्या पोटात आत्ताच दोन घास जाऊ देत, असा त्याचा हिशेब. पण चिमाजी भलताच हट्टाला पेटला.

"तू खा आधी," तो म्हणाला. "पोटभर खा. माझी शपथ हाय तुला."

"आरं, तू खा की."

"तू खाल्लंस तर मी खाईन."

मग काय करणार? चिमाजीने खावं म्हणून भैरूने दीड भाकरी संपवली. चिमाजीने कोपरा मोडून तोंडात टाकला आणि तो बराच वेळ चघळत बसला. त्याचे डोळे भरले होते. ह्याला वास लागला वाटतं, असं भैरूच्या मनात आलं.

पुढच्या चढावर सायकली हातात धरून चालताना भैरूला स्वतःचा बाप आठवला. आबा म्हणजे एक नंबरचा हेकट माणूस. शेत सोडून कारखान्यात गेलास तर माझा तुझा संबंध नाही, म्हणाला होता. वर परवाच्या श्रावणात आबा अंथरुणाला खिळलाय असा सांगावा आला, म्हणून भैरू ऊर फुटेस्तोवर धावत गेला, तर हा गडी ओसरीवर सुपारी कातरत बसलेला आणि शेजारी मुलीकडचे पाहुणे. सगळं गाव पोट धरून हसलं. तेव्हा भैरूने देवळापुढे सगळ्यांदेखत सांगून टाकलं होतं, की इथून पुढं आबाच्या नावानं कसलाही सांगावा धाडा, मी काही यायचा नाही. तेव्हापासून त्याने गावाचं तोंड पाहिलं नव्हतं.

आणि इथे दत्तोबा एका संध्याकाळी गेलेसुद्धा. राग धरून बसायला माणसाजवळ वेळ असतो कुठे?

खिंडीत पोचल्यावर त्याला राहवलं नाही. "चिमाजी, आलोच हाय तर मीबी घरी जाईन म्हणतो. आबाच्या पाया पडतो. लई दिस झालं."

चिमाजी सायकल आडवी करून साखळीपाशी बसला आणि कितीतरी वेळ मान खाली घालून ती चाचपत राहिला. साखळी जागेवरच होती. भैरूने त्याला विचारलं नाही. बापाच्या काळजीत माणूस असाच वागायचा.

उतारावर चिमाजी त्याला सारखा बजावत होता, हळू चल, ब्रेक धर. भैरूला वाटलं, ब्रेक ह्याचा ढिला आणि काळजी माझी करतोय. किती गुणी पोर. आता तासाभरात ह्याच्यावर आभाळ कोसळणार. त्या वेळी ह्याला धरायला आपण जवळ असलं पाहिजे, असं त्याने मनाशी पक्कं केलं.

गाव आलं. पारावर चिटपाखरू नव्हतं. भैरू दत्तोबांच्या घराकडे वळायला लागला, तोच चिमाजीने त्याचं हँडल धरलं आणि सायकल वरच्या आळीकडे वळवली. तिथे भैरूच्या दारात सगळं गाव गोळा झालं होतं आणि अंगणात दोघे जण बांबूंची तिरडी बांधत होते. गर्दी दुभंगली आणि दत्तोबा पुढे आले. त्यांनी भैरूला दोन्ही हातांनी कवेत घेतलं आणि म्हणाले, "चल पोरा आत. आबा कालधरनं तुझी वाट बघतोय."