एकतिसावा ढोल

"गाणं तेच, स्पीकर तेच, सेटिंग तेच. मग बघू तुमचा नवा संगणक किती भारी आहे ते," असं दुकानदाराला सुनावून मोघेकाका डोळे मिटून बसले. निवाडा करणार होता तीस वर्षं ध्वनिमुद्रण केलेला त्यांचा कान. एकाच वेळी फार ट्रॅक वाजवायच्या ओझ्याने संगणक दमला की आवाज तडतडतो. तसं झालं की काका हात वर करणार आणि मी, त्यांची सहायक, आकडा लिहिणार.

सुरुवात काकांच्या जुन्या संगणकापासून केली. मी ढोलपथकाचं गाणं लावलं आणि त्यात एकेका ढोलाचा ट्रॅक वाढवत गेले. एकतिसाव्या ढोलाला बारीक तडतड झाली. मी पेन उचललं. काकांचा हात मांडीवरच होता.

"थांबलीस कशाला? वाढव."

बत्तीस. पस्तीस. आता तर तेलात मोहरी तडतडावी तसा आवाज येत होता. दुकानदार माझ्याकडे बघायला लागला. मी मान खाली घालून चाळिसावा ढोल लावला.

"बघा, अजून स्वच्छ!" म्हणत काकांनी डोळे उघडले. आमचे चेहरे पाहून त्यांचं हसू विरलं.

मग त्यांनी हळूच हात वर केला.

"कितव्या ढोलाला तडतडला?"