गॅलरीतली बादली

संयुक्त महाराष्ट्रासाठी लालबागच्या त्या चाळीतला प्रत्येक माणूस रक्त सांडायला तयार होता. तिसऱ्या मजल्यावरच्या बकुळाचं नऊ दिवस सांडतच होतं. पण ते बाईमाणसाचं, ते कोण धरतो?

सहाव्या महिन्यात पोर गेलं होतं. आज थांबेल, उद्या थांबेल, असं म्हणता म्हणता आज सकाळी उठायला गेली तर भिंती फिरल्या. काल पोलक्याला दूध लागलं, तेही तिनं कुणाला सांगितलं नाही. आता हातपाय गार पडत चालले होते. डोळे मिटायची भीती वाटत होती. मिटले आणि उघडलेच नाहीत तर?

“अहो, डॉक्टरांना बोलवा ना,” ती नवऱ्याला म्हणाली.

“कर्फ्यू आहे,” जगदीश म्हणाला आणि त्यानं परवाच्या पेपराचं पान उलटलं.

“गप पड गो,” सासू म्हणाली. “माझी तीन गेली. मी मेलंय काय?”

एरवी सासू, रखमाबाई, पुरुष उठायच्या आत बकुळाच्या चिंध्या नळावर धुऊन आणायची. पण नळ फाटकाशी आणि फाटकात पोलीस. बादली गॅलरीतच राहिली.

ती समितीच्या बाबुरावानं पाहिली. लालभडक पाणी! दारातून डोकं आत घालून तो कुजबुजला, “काकी, कुणाला लपवलंय? नाव सांगू नका. गोळीच ना? आलोच डॉक्टर घेऊन!” रखमाबाई तोंड उघडेपर्यंत तो जिन्यात पोचला होता.

पाचव्या मिनिटाला डॉक्टर हजर. “कुठे लागली?” म्हणत त्यांनी गोधडी बाजूला केली.

“गोळी नाही,” बकुळा म्हणाली. “माझं पोर गेलं. नऊ दिवस झाले, थांबत नाही.” हे ती पहिल्यांदाच मोठ्यानं बोलत होती. बाबुरावानं भिंतीकडे तोंड केलं.

डॉक्टरांनी नाडी धरली, पापणी ओढून पाहिली आणि पाणी उकळायला ठेवा म्हणून रखमाबाईवर ओरडले.

“डॉक्टर, मी जगेन ना?”

“बोलू नका.” मग जगदीशकडे वळून, “आणि तुम्ही? इतके दिवस काय करत होता?”

“कर्फ्यू होता ना, डॉक्टर.”

कर्फ्यू कालपासून होता, आणि तोही फक्त रस्त्यावर. डॉक्टरांचा दवाखाना चाळीच्याच तळमजल्यावर होता, जिन्याला लागून.